सिराक्यूजचा वेढा, मुक्काम पोस्ट रास तनुरा

हर्णै, निघण्यापूर्वी

आमच्या गावातून सौदी अरबस्तानात लोक दोन कारणांनी जातात: पुण्य जोडायला, नाहीतर पोट भरायला. मी तिसऱ्याच कारणाने गेलो. मला तिथून एक माणूस परत आणायचा होता.

चारचौघांत सांगायचं कारण वेगळं होतं. माझी मुलगी मंजिरी कतीफला एका सरकारी इस्पितळात लहान मुलांची डॉक्टर आहे. ‘बाबा, थंडीत चार आठवडे या’ असा तिचा तीन वर्षं लकडा होता. तिची आई दोनदा जाऊन आली होती आणि आता तिला तिथल्या वाळूचंही कौतुक उरलं नव्हतं. त्यामुळे मी एकटाच निघालो. निघायच्या आदल्या दिवशी आमिनावहिनी डबा घेऊन आल्या. आमिनावहिनी म्हणजे माझा शाळूसोबती इब्राहिम याची बायको.

“सर, एवढं त्यांना द्या. जवळा हाय, कोकम हाय,” त्या म्हणाल्या. “आणि येताना त्यांना घेऊन या.”

“सुट्टीवर?”

“नाय. कायमचे.”

रिकामा डबा परत आणा म्हणावं तितक्या सहज त्या हे बोलल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

इब्राहिम आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. त्याचे वडील मचवे बांधायचे. मिसरूड फुटल्यावर तो आखातात गेला आणि रिगर झाला. क्रेन जे वजन उचलते त्याला पट्टे बांधायचे आणि क्रेनवाल्याला खुणांनी चालवायचं, हे रिगरचं काम. ‘पुढच्या वर्षी येतो’ हे त्याचं वाक्य आमच्या गावात आता म्हणीसारखं वापरतात. एसटी उशिरा आली तरी लोक म्हणतात, इब्राहिमच्या पुढच्या वर्षी येईल. तीन मुलांची लग्नं झाली आणि तिन्ही लग्नांत तो पाहुण्यासारखा आला, पाहुण्यासारखा गेला.

या माणसाला घरी आणायचं काम वहिनींनी माझ्याकडे का दिलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझ्या वक्तृत्वावर त्यांचा विश्वास असेल. मी तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला आहे, आणि माझा आवडता धडा वेढ्याचा होता. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी रोमन सेनापती मार्सेलस सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहरावर चालून गेला. जमिनीकडून फौज, समुद्राकडून आरमार. शहरात आर्किमिडीज नावाचा एक म्हातारा गणिती होता. त्याच्या यंत्रांनी लांबच्या शत्रूवर मोठे धोंडे पडत, जवळच्यावर लहान. तटाच्या भोकांतून बाण सुटत. आणि तटावरून एक लोखंडी पंजा खाली येई, जहाजाचं नाक धरून वर उचली आणि सोडून देई. शेवटी शेवटी तटावर नुसता दोर किंवा लाकडाचा तुकडा दिसला तरी रोमन शिपाई ओरडत पळत सुटायचे म्हणे.

आम्ही शाळेत असताना हा धडा झाला तेव्हा इब्राहिमने हात वर केला होता. “सर, त्या तुळईला मागनं दोर कशाला बांधला होता?” पुस्तकातल्या चित्रात तसा एक दोर होता. सरांनी त्याच्या तळहातावर पट्टी मारली. उत्तर सरांना येत नव्हतं, हे मी स्वतः तीस वर्षं तोच धडा शिकवला तेव्हा मला कळलं. मलाही येत नव्हतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “सिराक्यूज घ्यायला मार्सेलसला जवळजवळ दोन वर्षं लागली होती.”

“तुम्हाला चार आठवडे हायत,” त्या म्हणाल्या आणि डब्याला आणखी एक गाठ मारून गेल्या.

कतीफ

सौदीला जाणाऱ्या मराठी माणसाची परीक्षा विमानतळावर होते आणि विषय असतो मसाला. खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. आमच्या घरच्या मसाल्यात खसखस नाही असं मी बायकोकडून तीनदा वदवून घेतलं होतं, तरी दम्मामच्या विमानतळावर रांगेत उभा असताना मला घाम फुटला. अधिकाऱ्याने मसाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने वहिनींचा डबा उघडायला लावला. सुक्या जवळ्याचा वास त्या चकचकीत दालनात पसरला. त्याने स्वतःच झाकण लावलं, रुमाल नाकाला धरला आणि “यल्ला, यल्ला” म्हणत मला हाताने पुढे ढकललं. पहिला तट जवळ्याने पाडला, असं मी लगेच मनात टिपून ठेवलं.

कतीफ पाहून मी जरा हिरमुसलो. परदेशी गेल्यावर परदेश दिसावा अशी माणसाची माफक अपेक्षा असते. इथे समुद्र, बागा, मासळीचा वास, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दुसऱ्याच्या कामाकडे बघत बसलेले निवृत्त लोक. माडांच्या जागी खजूर लावले की झालं हर्णै. शेजारच्या तारूत बेटावर टेकाडावर एक जुना किल्ला आहे, तोही पाहिला. आमच्या दारात सुवर्णदुर्ग भर समुद्रात उभा असल्यामुळे मी त्या किल्ल्याकडे मोठ्या भावाच्या नजरेने पाहिलं. मंजिरीची मुलगी ईशा दहा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा तह आहे. तिला मी किल्ल्याच्या पायरीवर बसून सिराक्यूजची सगळी गोष्ट सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, “सो हू वन, आजोबा?”

“रोमन जिंकले.”

“देन व्हाय डू यू लाइक इट?”

मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी इब्राहिम आला. रास तनुराहून, ओळखीच्या कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसून. केस पांढरे, पाठ मात्र ताठ. मला पाहताच त्याने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, “मास्तर, पोट कुठपर्यंत आणलंस?” मी शिक्षक झाल्यापासून तो मला मास्तर म्हणतो आणि त्यात आदर किती, हे अजून कुणाला मोजता आलेलं नाही. माझ्यासाठी त्याने चक्क रजा टाकली होती. रोज येतो, रोज फिरवतो म्हणाला. मला भरून आलं. एवढ्या कामाचा माणूस!

त्याच दिवशी मी पहिला हल्ला केला. मासळीबाजारात त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला गाळ्यामागे बसवून खजूर आणि गहवा दिला. गहवा म्हणजे त्यांची वेलदोड्याची फिकी, कडसर कॉफी, कान नसलेल्या एवढ्याशा पेल्यात. मी इब्राहिमला घराबद्दल सांगू लागलो. वहिनींचे गुडघे, पडवीचं छप्पर, धाकट्याचा मुलगा आता चालतो. पेला रिकामा झाला की व्यापारी तो भरायचा. नको कसं म्हणावं, यजमानाचा अपमान होईल, म्हणून मी प्यायचो. सहावा की सातवा पेला संपला तेव्हा माझे हात कापायला लागले होते आणि कान तापले होते.

“पेला हलव,” इब्राहिम शांतपणे म्हणाला. “असा, डावी-उजवीकडे. हलवला की भरत नायत.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू बोलत होतास ना, मला घरी न्यायच्या गोष्टी. म्हटलं, तोंड भरलेलं बरं.”

पुढचे दिवस असेच गेले. मी लांबून सूचक बोललो की तिकडून मोठा धोंडा यायचा. “किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी ऐकली हायस? तांबड्या समुद्रावर. तिथल्या बंदरात दोन वर्षांचं काम निघालंय. मला बोलावणं हाय.” मी जवळ जाऊन थेट विचारलं की बारीक बाण सुटायचा. “तुझं ते प्रोस्टेटचं काय झालं, मास्तर?” आणि हे भर दुकानात, चार मराठी नर्स ऐकत असताना. मी कफीलाचं नाव काढलं, म्हणजे ज्याच्या नावावर इथे परक्याचं राहणं चालतं तो मालक. तो सोडत नसेल तर मंजिरीला सांगून काही करता येईल का, असं विचारलं. इब्राहिमने मला एक भलामोठा शवरमा, म्हणजे रोटीत गुंडाळलेलं मांस, घेऊन दिला. शवरमा खाताना बोलता येत नाही. तो आडवा धरला तर मागून गळतो आणि उभा धरला तर बाहीत जातो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझी अशी अवस्था झाली की इब्राहिमने खिशात हात घातला तरी मी दचकायचो.

मासळीचं बंदर

एका सकाळी त्याला बंदरावरून फोन आला. एक जुनी लाकडी लाँच रंगवायला पाण्याबाहेर काढायची होती आणि क्रेन आणली होती. नाखवा इब्राहिमच्या ओळखीचा होता. “चल,” इब्राहिम म्हणाला, “तुला तुझा आर्किमिडीज दाखवतो.”

मी त्याला काम करताना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. त्याने आधी काहीच केलं नाही. पंधरा मिनिटं तो नुसता लाँचभोवती हिंडला. इथे हात लाव, तिथे वाक, डेकवरचं सामान हलवायला सांग. वैद्य नाडी बघतो तसा त्याने एकेक पट्टा दोन बोटांनी दाबून पाहिला. मग तो मोकळ्या जागी उभा राहिला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की सगळे बगळे उडाले.

“तुझी ती पितळेची शिट्टी कुठे गेली?” मी विचारलं. सुट्टीवर आला तरी ती त्याच्या गळ्यात असायची. तिच्यावरून गावातली पोरं त्याला रेफरी म्हणत.

“हरवली.” तो क्रेनकडेच पाहत होता. “हबेस! हबेस!”

क्रेनवर एक पठाण होता. पण हबेस म्हणजे उचल आणि आर्या म्हणजे उतरव हे त्याला नेमकं कळत होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या खलाशांचे हे शब्द. मी लहानपणी हे शब्द इब्राहिमच्या वडलांच्या तोंडी ऐकले होते, आणि ते अरबी समुद्र ओलांडून इथे भेटले याचा मला अतोनात आनंद झाला. त्या आनंदात मी फोटो काढायला पुढे गेलो. लाँच पाण्यातून वर आली होती आणि तिच्या बुडाचे शंख-शिंपले फार सुंदर दिसत होते.

“मास्तर!” इब्राहिम जसा ओरडला तसा माझे वडीलही माझ्यावर कधी ओरडले नव्हते. “वजनाखाली कोण उभा राहतो? गाढवा! हो मागं!”

मी मागे झालो, तो थेट जाळ्यांच्या ढिगात बसलो. पाचसहा तमिळ आणि बांगलादेशी खलाशी मनापासून हसले. माझ्या विजारीला कतीफचा वास लागला, तो अजून आहे.

लाँच उचलायला पाच मिनिटं लागली. लाकडी ठोकळ्यांवर उतरवायला पाऊण तास. इब्राहिमचा पंजा हवेत पालथा, हळूहळू खाली येणारा, आणि ओठांत “आर्या... आर्या... बस... आर्या...” इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. लाँच टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. नाखव्याने त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

नंतर आम्ही धक्क्यावर चहा घेत बसलो. त्याने चहाच्या कपाला दोरा बांधला आणि चमच्याची तुळई केली.

“तुझ्या आर्किमिडीजनं सगळं जहाज उचललं नाय, मास्तर. नाक उचललं फक्त. जहाज शेपटीवर उभं राहिलं. मग सोडलं. सोडलं की पाण्यात आपटून भरलं. खलास.”

“ते पुस्तकात आहे.”

“हाय ना. पण सोडणाऱ्याचं काय होतं ते हाय? एवढं वजन एकदम सुटलं की तुळई उलटी उसळते. आपल्याच माणसांच्या अंगावर येते. म्हणून सोडायच्या आधी तिला मागनं जखडायची. तो दोर त्याचा होता.” त्याने तळहात माझ्यापुढे धरला, पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी अजून तिथे असल्यासारखा. “उचलायला काय, मशीन हाय. सोडायला अक्कल लागते.”

मी तीस वर्षं तो धडा शिकवला, हे मी पुन्हा सांगत नाही.

रास तनुरा

रास तनुराला तेलाचा मोठा कारखाना आहे आणि तेल जहाजांवर चढवायचं बंदर. आत जायला परवानगी नाही, त्यामुळे मी त्याचं वर्णन करून तुम्हाला त्रास देत नाही. किनाऱ्यावरून लांबवर टँकर दिसतात. ते हलत नाहीत, पण दुपारी पाहावं तर जागा बदललेली असते.

इब्राहिमची खोली जवळच कामगारांच्या वस्तीत होती. सिराक्यूजच्या वेढ्यात वाटाघाटी चालू असताना एका रोमनाने म्हणे तटाच्या दगडांचे थर मोजले आणि उंचीचा अंदाज बांधला. मीही त्या खोलीत बसून वस्तू मोजल्या. एक खाट. एक गादी, तीही गुंडाळलेली. एक पेला, त्यामुळे चहा आम्ही आळीपाळीने प्यायलो. भिंतीवर खिळे होते, त्यांवर काही नव्हतं. भाताचा कुकर दिसत नव्हता. तो कुठे आहे विचारलं तर म्हणाला, “दिला एका पोराला.” मी मान डोलावली. केवढा निरिच्छ माणूस! एवढी वर्षं परदेशात राहून एका पेल्यात भागवतो. रोमनाने दगड मोजून उंची बरोबर काढली होती. मी वस्तू बरोबर मोजल्या आणि उत्तर साफ चुकवलं.

तिथेच मी शेवटचा मोठा हल्ला केला. माझ्याकडे राखीव दारूगोळा होता, तो म्हणजे वहिनी. मी म्हटलं, “इब्राहिम, ती बाई जेवताना दोन ताटं घेते. मी स्वतः पाहिलंय. एकात स्वतः जेवते आणि दुसरं पालथं घालून ठेवते.”

हे खोटं होतं. मी असं काही पाहिलेलं नव्हतं. वेढ्यात सगळं चालतं असं मी स्वतःला समजावलं.

इब्राहिमने उठून तो एकुलता पेला विसळला आणि म्हणाला, “आमिना ताट कधी पालथं घालत नाय, मास्तर. अपशकुन मानते. यल्ला, तुझी बस चुकेल.”

कतीफला येताना बसमध्ये मी ठरवलं की खलास. वेढा उठवायचा. साठी उलटलेल्या माणसाला पटत नाही ते पटवणारा मी कोण? आणि खरं सांगायचं तर मला त्याला त्या बंदरावर उभा असलेला पाहिल्यापासून पटवावंसंच वाटत नव्हतं. हर्णैला येऊन हा काय करील? पडवीत बसेल आणि एसटीची वाट बघणाऱ्यांकडे बघेल.

शुक्रवार

शेवटच्या शुक्रवारी मंजिरीने त्याला जेवायला बोलावलं. दुपारच्या नमाजानंतर तो आला तो हमूर मासा घेऊनच, आणि मंजिरीला स्वयंपाकघरातून हाकलून स्वतः उभा राहिला. वहिनींच्या कोकमाची सोलकढी, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. भाकरी त्याने अशी थापली की मंजिरीने तिचा व्हिडिओ काढून आईला पाठवला. सिराक्यूज पडलं ते देवीच्या उत्सवात. लोक खाण्यापिण्यात दंग होते आणि तटावर पहारा उरला नव्हता. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात वेढा नव्हता. मी तिसरी भाकरी खात होतो.

“मास्तर,” इब्राहिम म्हणाला, “तुझं विमान बुधवारचं ना?”

“हो.”

“मंजिरी, बाळा, त्याच विमानात मला जागा मिळते का बघ.”

मंजिरीने हातातलं भांडं खाली ठेवलं. “काका, सुट्टीवर?”

“नाय. कायमचा. तुझा बाप लय बोलला. हरलो मी.”

मी उठून उभा राहिलो. हात खरकटे, तोंड भरलेलं, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. भाषण केल्याशिवाय मला आनंद होत नाही, म्हणून मी भाषणही केलं. चिकाटी, मैत्री, मायभूमी. ईशाने विचारलं, “आजोबा, डिड यू विन?” आणि मी छाती काढून “येस” म्हणालो. माझ्या एकूण आयुष्यात मी काही जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

उन्हं उतरल्यावर आम्ही दोघं समुद्रावर गेलो. तिवरांमधून पाणी मागे हटत होतं. इब्राहिमने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अरबी मला येत नाही, पण खाली इंग्रजीत होतं. ‘फायनल एक्झिट’. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला. देश सोडा आणि परत येऊ नका. तारीख मी हर्णैहून निघालो त्याच्याही आधीची होती आणि मुदतीचे थोडेच दिवस राहिले होते.

“नूतनीकरण केलं नाय कंपनीनं,” तो म्हणाला. “वय झालं म्हणाले. वजनाचा हिशोब आता कॉम्प्युटर करतो आणि सर्टिफिकेटवाली पोरं उभी राहतात. बरी पोरं हायत. मीच शिकवलीत त्यातली दोन.”

“आणि ते इकॉनॉमिक सिटीचं बोलावणं?”

“नव्हतं.”

“रजा?”

“कसली रजा, मास्तर?”

मला माझ्या टाळ्या आठवल्या. एखाद्याच्या मयतीत जाऊन पेढे वाटावेत तसं मला झालं. शहर घेतल्यावर मार्सेलस उंचावरून ते पाहत रडला म्हणतात. मी वर्गात तिथे थोडा थांबायचो आणि मुलं दरवेळी हसायची. जिंकलेला कशाला रडतो, सर? मी त्यांना सांगायचो, पुढे चला.

“तू आधीच का नाही सांगितलंस? वहिनींना फोनवर?”

“काय सांगू? चाळीस वर्षं पुढच्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी येतो केलं. माझ्या मनानं येणार होतो मी. आता काय सांगू, हाकलला म्हणून आलो?” त्याने समुद्राकडे तोंड केलं. “तू हट्टानं घेऊन आलास असं सांग घरी. तेवढं कर. तू बोलून बोलून डोकं खाल्लंस, म्हणून आलो. गावात खरं वाटेल सगळ्यांना.”

शेवटचं वाक्य मला लागलं, पण ते खरं होतं. मी कागदाची घडी घालून त्याला परत दिली आणि हो म्हणालो. मग आम्ही दोघंही थोडं रडलो.

परत हर्णै

गावात माझा जो सत्कार झाला, तसा निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. जो तो विचारी, सर, तुम्ही असं सांगितलंत तरी काय? मी हातभर गप्पा मारल्या. गहव्याचे पेले सातावरून अकरावर गेले. इब्राहिम शेजारी बसून मान हलवायचा. “डोकं खाल्लं ह्यानं,” म्हणायचा. वहिनी पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, ती कृतज्ञता.

आठवड्याने मी डबा परत द्यायला गेलो. इब्राहिम बाजारात गेला होता. वहिनींनी मला मागच्या पडवीत नेलं. तिथे कौलांखाली कार्गोचं मोठं खोकं होतं, दोऱ्या कापलेलं. आखातातली माणसं सामान घरपोच पाठवतात तसलं. आत हेल्मेट होतं, कमरेचा पट्टा, कामाचे बूट, भाताचा जुना कुकर, भिंतीवरची तीनचार कॅलेंडरं. आणि पितळेची शिट्टी.

“हे कधी आलं?”

“तुम्ही जायच्या आधी महिनाभर. आत चिठ्ठी होती. जुनं सामान हाय, ठेवून दे.” त्यांनी शिट्टी पदराने पुसली. “माणूस कामावर असता तर ही गळ्यात असती ना, सर?”

मी खाली ओट्यावर बसलो. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“होय तर.”

“मग मला कशाला पाठवलंत? ते येणारच होते!”

“येणार होते. पण कसे आले असते? एवढा वर उचललेला माणूस. कंपनीनं सोडलं ते एकदम सोडलं. मागनं धरायला कुणी नको? मी जाऊ शकत नव्हते. तुम्ही जात होतात.”

तो दोर कशासाठी असतो हे या बाईंना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. नवरा मचवेवाल्याचा मुलगा, तेव्हा जेवताना कधीतरी बोलला असेल. मी इतकंच विचारलं, “इब्राहिमला सांगू?”

“काय नको. तुम्ही जिंकलात, ते हरले. चांगलं चाललंय.”

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी दोघांची वेगवेगळी परवानगी घेतली. इब्राहिम म्हणाला, “लिही, पण नाव बदल, आणि आमिनाला दाखवू नकोस.” वहिनी म्हणाल्या, “लिहा, पण नाव बदला, आणि त्यांना दाखवू नका.” नावं मी बदलली आहेत. गाव एवढंसं आहे की त्याचा काही उपयोग नाही.

परवा बंदरावर एक मचवा उतरवायचा होता, क्रेन आली होती. गर्दीत मी मागे उभा होतो, वजनापासून लांब. पुढे इब्राहिम होता, हात हवेत पालथा. त्याच्या गळ्यात पितळेची शिट्टी होती. ती त्याला कुणी दिली, आणि देताना काय बोलणं झालं, हे दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. या वेळी मी विचारलंही नाही.